सौम्य, पण मोठ्या आवाजात

मी चौदा वर्षांची असताना नाताळच्या नाटुकल्यात मला मरीयेचं काम मिळालं होतं. दोन दिवसांनी ते काढून घेतलं आणि एका गोऱ्या मुलीला दिलं. मला मेंढपाळ केलं. समजूत काढताना शब्बाथ शाळेच्या बाई म्हणाल्या, "अगं, तुझं मन किती सुंदर आहे! देव मनच बघतो." वाक्य खोटं नव्हतं, आणि बाईही वाईट नव्हत्या. पण घरी येऊन आरशासमोर उभी राहिले तेव्हा एवढं कळलं, की आमच्याकडे मनाचं सौंदर्य हे उत्तेजनार्थ बक्षीस आहे. पहिला नंबर दुसऱ्याच गोष्टीला.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी आमच्या समाजातल्या स्थळांचे मजकूर वाचत आले. 'गोरी, सडपातळ, उच्चशिक्षित, देवभीरू.' क्रम बघा. देवभीरूपणा हा ओळीत जागा उरली तर येतो. आणि हेच लोक रविवारी उपासनेत अंतःकरणाच्या अलंकारावर मान डोलावतात.

तो अलंकार आला कुठून? पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातून. केसांच्या वेण्या, सोन्याचे दागिने, भारी वस्त्रं यांच्यात शोभा शोधू नका. सौम्य आणि शांत आत्मा हीच देवाच्या दृष्टीनं खरी मोलाची शोभा, असा त्याचा आशय. आमच्या महिला मंडळात वर्षातून निदान दोनदा यावर बोलणं होतंच, आणि त्यातून काढला जाणारा अर्थ ठरलेला असतो. कमी बोला. उलट बोलू नका. साधं राहा. नवरा हात उचलत असेल तर सहन करा, तुमच्या शांतपणानंच त्याचं मन वळेल. हे शेवटचं मी प्रत्यक्ष ऐकलेलं आहे, आणि जिला सांगितलं तिच्या दंडावरचा वळ पदराखाली तेव्हा ताजा होता.

माझं म्हणणं असं आहे, की या वचनाचा आपण एक दागिनाच करून टाकला आहे. चेहऱ्यावर पावडर लावावी तशी सौम्यता लावायची. हळू आवाज, खाली नजर, 'प्रभूची इच्छा' म्हणून सोडलेला सुस्कारा. आत राग, हेवा, भीती काय वाटेल ते साचलेलं असो. बाहेरच्या शृंगाराऐवजी आतला शृंगार सांगणारं वचन आपण पुन्हा बाहेरच आणून ठेवलं.

मूळ मजकुराकडे जरा नीट पाहिलं तर वेगळंच दिसतं. हे पत्र रोमन साम्राज्यातल्या पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या भागांत विखुरलेल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेलं आहे. त्यातल्या काही बायकांचे नवरे विश्वासात आलेले नव्हते. घराची दैवतं नवऱ्याची असायची, त्या काळी बायकोनं वेगळा देव धरणं हीच मुळात बंडखोरी होती. म्हणजे हा उपदेश ज्यांना केला आहे त्या बायकांनी आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय नवऱ्याच्या मर्जीविरुद्ध आधीच घेतलेला होता! त्यांना पेत्र सौम्य राहायला सांगतो, आणि त्याच ओघात, दोनच वचनांनंतर, कशालाही घाबरू नका असंही सांगतो. हा शेवट आमच्या मंडळात वाचलेला मी तरी ऐकला नाही. सौम्यतेसाठी तिथं जो ग्रीक शब्द आहे, तोच मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःबद्दल वापरतो, आणि मंदिरातले सराफांचे चौरंग त्यानंच उलथले होते. पेत्राच्याच अध्यायात पुढं विश्वासाबद्दल कुणी जाब विचारला तर सौम्यतेनं उत्तर द्या, असं बायका-पुरुष सगळ्यांना सांगितलेलं आहे. गंमत म्हणजे नवऱ्यांसाठीही एक वचन आहे: बायकोला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. पुरुष मंडळात त्यावर कधी बोलणं झालं, तर मला जरूर बोलवा. मी चहा घेऊन येईन.

दुसरा असाच एक शब्द नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात आहे. मराठीत आपण 'सद्गुणी स्त्री' म्हणतो, आणि सद्गुणी म्हटलं की डोळ्यांपुढे देवघरातल्या समईसारखी बाई उभी राहते. हिब्रूतला शब्द 'हायिल'. बळ, पराक्रम, प्रसंगी सैन्यसुद्धा. जुन्या करारात शूर योद्ध्यांसाठी तो येतो. त्या अध्यायातली बाई शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, विणलेलं कापड व्यापाऱ्यांना विकते, गरिबाला हात देते. ती कशी दिसते याबद्दल मात्र कवी जवळपास काही सांगत नाही.

पंडिता रमाबाईंना हे हिब्रू वाचता येत होतं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते तिथल्याच बायकांनी जुळवलं, छापलं. 1922 साली रमाबाई गेल्या. पुस्तक 1924 साली बाहेर पडलं. पण मला त्यांच्याबद्दल सांगायचं आहे ते त्याच्या चाळीस वर्षं आधीचं.

1883 च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस, विधवा, कडेवर दोन वर्षांची मुलगी मनोरमा. जोगिणींच्या ज्या मठात त्या राहत होत्या तिथल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. पुढच्या दोन वर्षांत या दोघींमध्ये जी पत्रं झाली ती 1977 साली ए. बी. शहा यांनी संपादित केलेल्या संग्रहात आली आहेत, आणि ख्रिस्ती स्त्रीचं शील या विषयावर मराठी माणसाला वाचण्यासारखं याहून चांगलं काही मला ठाऊक नाही. रमाबाई प्रश्न विचारत. त्रैक्याची शिकवण त्यांच्या बुद्धीला चटकन पटली नाही, तर पटली नाही म्हणून सांगत. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, असं विचारत. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुषांना शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली: हिंदुस्थानात गैरसमज होईल. रमाबाईंनी ती हरकत झुगारली. पुरोहितवर्गाचं एक जोखड नुकतंच उतरवलं आहे, आता दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी जेराल्डीनना स्पष्ट कळवलं. जेराल्डीनना यात गर्व दिसला. नम्रता शिक, आज्ञेत राहा, हाच त्यांचा घोषा.

मला जेराल्डीनबाईंची थट्टा करायची नाही. त्यांचा रमाबाईंवर जीव होता, आणि तरुण रमाबाईंच्या अंगात अहंकार नव्हताच असंही मी म्हणणार नाही. खुद्द रमाबाईंनी पुढे 1907 च्या आपल्या साक्षीत कबूल केलं, की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी आठेक वर्षं गेली. म्हणजे त्या बदलल्या. पण कोणत्या दिशेनं? जेराल्डीनना हवी तशी गप्प बाई झाली का? 1897 मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांची जी आबाळ होत होती, तिच्याविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून सरकारला धारेवर धरलं. सरकार ख्रिस्ती, पत्र लिहिणारी ख्रिस्ती, आणि हिंदू समाजानं तर तिला आधीच टाकलेलं. कुणाचा आधार धरून हे लिहिलं असेल? याच सुमारास त्या मध्य प्रांतात दुष्काळात हिंडून मरणाच्या दारातल्या मुली केडगावला आणत होत्या. स्वतःचे आईवडील आणि बहीण उपासमारीनं गेलेली. भूक म्हणजे काय ते त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. पुढे फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन निघालं, अंध मुलींना ब्रेल शिकवू लागले, घाणा, माग, छापखाना चालू झाला. त्या काळचे रमाबाईंचे फोटो पाहा. आखूड केस, पांढरं लुगडं, अंगावर दागिना नाही. त्या साधेपणावर व्याख्यानं झोडणं सोपं आहे. पण साधेपणा तिथं कमावण्याची गोष्ट नव्हतीच. उवांनी भरलेली, रोगानं गांजलेली शेकडो डोकी रोज समोर असताना वेणीफणीला वेळ कुणाला होता?

शील तयार होतं ते असं, असं मला वाटतं. एकांतात बसून मन घासूनपुसून लख्ख करता येत नाही. नुसत्या एकांतात माणूस फार तर स्वतःवर खूश व्हायला शिकतो. प्रार्थनेला एकांत लागतो, नाही कोण म्हणतं. पण प्रार्थना खरी होती की नव्हती ते कळतं दार उघडल्यावर, समोर जो माणूस उभा असेल त्याच्यापाशी.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण याहून घरगुती आणि म्हणून मला जास्त जवळचं. 1895 साली नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला, बाई कोसळल्या, पाच वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि 1900 साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. त्या आधी त्यांनी जातीभेदाचा विचार आपल्याच डोक्यानं करून तो सोडलेला होता, हे विसरू नये. नवरा, म्हणजे टिळक, संतवृत्तीचे. हातात पैसा आला की कुणाच्या तरी ओंजळीत जायचा. अशा संताच्या घरी संध्याकाळी चूल पेटवायची कुणी, हा प्रश्न संतचरित्रकारांना पडत नाही; लक्ष्मीबाईंना रोज पडायचा. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात ही सगळी ओढाताण आहे, पण कुरकुर नाही. त्यांनी आपला हट्ट, आपलं अडाणीपण, आपल्या फजित्या असं सगळं हसत हसत चव्हाट्यावर मांडलं आहे. नम्रतेची याहून खात्रीची खूण मला माहीत नाही. जिला स्वतःवर हसता येतं, तिला आपली प्रतिमा सांभाळत बसावं लागत नाही, आणि तेवढे हात दुसऱ्यासाठी मोकळे होतात.

इथं एक टोचणी आहे ती लपवू नये. ख्रिस्ती स्त्रीचा आदर्श म्हणून आपण जी दोन नावं घेतो ती दोन्ही ब्राह्मण घरांतली. नगर जिल्ह्यातली आमची बहुतेक मंडळी महार-मांग समाजातून आलेली. त्यांतल्या बायबलबाया डोईवर ऊन घेत, पिशवीत पुस्तकं घालून गावोगाव चालत गेल्या, बाजेवर बसवून बायकांना अक्षरं गिरवायला लावली, आणि त्यांतल्या बहुतेकींची नावं आज कुणाला सांगता येणार नाहीत. त्यांनी आत्मचरित्रं लिहिली नाहीत.

माझी आजी त्यांतली एक. कपाळावर कुंकू नव्हतं, पण लहानपणीच्या गोंदणाचा हिरवा ठिपका होता. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं तो काही निघाला नाही, म्हणायची. नटण्याची तिला हौस होती. शनिवारी शिकेकाईनं न्हायची. उपासनेचं नऊवारी घडी करून आठवडाभर गादीखाली दाबून ठेवायची, म्हणजे इस्त्री नको. रविवारी आरशाचा तुकडा खिडकीत टेकवून भांग तीनदा काढायची. सौम्य मात्र तिला कुणी म्हटलं नसतं. तिचा आवाज तीन घरं पलीकडे जायचा.

1972 च्या दुष्काळात सुकडी वाटायचे, ती मापून द्यायचं काम काही दिवस आजीकडे होतं. माप कमी भरलं तेव्हा मंडळीतल्या एका बाईनं दोनदा घेतलं असं आजी चारचौघांत बोलली. नंतर हिशेबातली चूक आजीचीच निघाली. आजी घरात दोन दिवस गप्प होती, एवढं मला आठवतं.

त्या महिन्यातला प्रभुभोजनाचा रविवार. भाकर फिरवण्याआधी पाळक साहेबांनी सगळ्यांना डोळे मिटून आत्मपरीक्षण करायला सांगितलं. देऊळ चिडीचूप. मी डोळे किलकिले करून बघत होते, म्हणून मला दिसलं. आजी उठली, चार जणींच्या गुडघ्यांमधून वाट काढत पलीकडच्या बाकाशी गेली आणि त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाई, सुकडीचं म्या खोटं बोलले व्हते."

बाईला कमी ऐकू यायचं. तिनं हात कानामागं धरला. आजीनं आवाज चढवला. तरी नाही. तिसऱ्या खेपेला आजी अशी काही ओरडली, की पाळकांनी डोळे उघडले आणि मागच्या बाकावरची पोरं फिसकन हसली. "सुकडीचं! म्या खोटं बोलले! तू येकदाच घेतलीस!"

"कळलं, कळलं," ती बाई म्हणाली. "बस आता. भाकर थांबलीया."

आजी जागेवर परत आली, भाकर घेतली, प्याला घेतला. घरी जाताना सबंध वाटभर तिची तक्रार एकच होती, की त्या बाकांतून जाता-येता लुगड्याची घडी मोडली.