एका डिस्कवरचे दोन शेजारी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार थांबवला. विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या संगणकांचे मालक तेव्हापासून लिनक्सकडे वळून पाहू लागले आहेत. पण जुने एकदम सुटत नाही. कुणाचा दुकानाचा हिशेब विंडोजवर, कुणाचे श्रीलिपीत टाइप केलेले आयुष्यभराचे लेखन विंडोजवर. मग एकाच डिस्कचे भाग पाडून दोन्ही प्रणाली ठेवायच्या आणि यंत्र सुरू करताना हवी ती निवडायची. याला ड्युअल बूट म्हणतात.

यावर कुणीतरी विचारतोच, मग तुम्ही नक्की कुठले? दोन डगरींवर हात ठेवणारा आपल्याकडे बेइमान ठरतो. घरात दखनी आणि शाळेत मराठी बोलत वाढलेल्या आम्हां लोकांना हा प्रश्न नवा नाही, त्यातली खोचही नाही. आम्हाला वाटते, मोजायचे ते वेगळेच आहे. एकाच्या असण्याने दुसऱ्याचा हक्क मारला जातो का?

जुन्या पद्धतीत डिस्कचा पहिला तुकडा ५१२ बाइटांचा. त्यातल्या ४४६ बाइटांत यंत्र जागे करणारी आज्ञावली. एवढासा उंबरठा! विंडोज मागाहून बसवले की ते तिथे न विचारता आपली आज्ञावली लिही. लिनक्स आत शाबूत, पण त्याच्याकडे जाणारी वाट बंद. म्हणून जाणकार आधी विंडोज, नंतर लिनक्स बसवायला सांगत, कारण लिनक्सचा ग्रब आपल्या यादीत विंडोजचेही नाव लिहू शकतो. पुढे यूईएफआय आले आणि प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा मिळाला. तरी ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा सुधारणेनंतर अनेकांचे लिनक्स सुरूच होईना. ड्युअल बूटच्या यंत्रांना ती लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. पण काही यंत्रांवर दुसरा कुणी राहतो हे तिला ओळखताच आले नाही. पक्की दुरुस्ती मे २०२५मध्ये आली. हेतू चोराला अडवण्याचा होता, कबूल. पण कडी शेजाऱ्याच्या दाराला लागली, आणि नऊ महिने!

घड्याळाचेही तसेच. यंत्रातले घड्याळ एकच. विंडोज त्यातली वेळ स्थानिक मानते, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. त्यामुळे आपल्याकडे एकातून दुसऱ्यात गेले की साडेपाच तासांचा फरक पडतो. खोटे कुणीच बोलत नाही. कुणीतरी नमते घ्यायचे, आणि ते बहुधा लिनक्सला सांगितले जाते, कारण तिथे एका आज्ञेत काम होते. जो सहज नमतो त्यालाच नमायला सांगायचे, हा न्याय आम्हाला रुचत नाही. पण विंडोजच्या रजिस्ट्रीत हात घालायला धीर लागतो, हेही खरे.

सर्वांत नाजूक बाब फास्ट स्टार्टअपची. ते चालू असेल तर बंद केलेले विंडोज पुरते बंद झालेलेच नसते. आपली अर्धी आठवण डिस्कवर जपून ते झोपते. अशा वेळी लिनक्सने त्या भागात काही लिहिले आणि विंडोज जुन्या आठवणीनिशी जागे झाले, तर फाइलींची नासाडी होऊ शकते. म्हणून लिनक्स तो भाग फक्त वाचण्यापुरता उघडते किंवा उघडतच नाही. लोक यावर चिडतात. आम्हाला मात्र तो नकार इमानाचा वाटतो. दुसऱ्याची अमानत त्याच्या झोपेत हलवायची नसते. त्यापेक्षा आपणच फास्ट स्टार्टअप बंद करावे. विंडोज उठायला थोडा जास्त वेळ घेईल. आणि डिस्कचे भाग पाडण्यापूर्वी सगळ्या फाइलींची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.