काडतुसाचा कागद आणि आप्ताचा शब्द

1853 च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीचे काडतूस म्हणजे कागदाची एक सुरळी. वरच्या भागात मोजून भरलेली दारू, खाली शिशाची लांबट गोळी आणि त्या टोकाला बाहेरून फासलेले वंगण. शिपायाने वरचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, सुरळी उलटी करून वंगणाचे टोक नळीच्या तोंडात बसवायचे, उरलेला कागद तोडून टाकायचा आणि गजाने गोळी तळापर्यंत ठासायची. नळीला आतून पिळाच्या खाचा असत आणि त्यांत दारूची काजळी साठे. वंगण नसेल तर काही बारांनंतर गोळी आत सरकेनाशी होई. वंगण हवेच होते. ते कशाचे असावे, हे ठरवणाऱ्यांनी चरबी आणि मेण निवडले. चरबी कोणत्या जनावराची, हे कोणी पाहिले नाही.

वंगण एका टोकाला आणि दात दुसऱ्या टोकाला, म्हणून तोंड विटाळत नाही, असा युक्तिवाद करता येतो. तो लंगडा आहे, कारण बोटे दोन्ही टोकांना लागतात. शिवाय खरा प्रश्न स्पर्शाचा नव्हताच. हातातली वस्तू शुद्ध आहे हे माणसाला कशावरून कळते, हा तो प्रश्न होता.

धर्मशास्त्राने याचा विचार फार पूर्वी केला आहे. मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती तीन गोष्टींना शुद्ध मानतात: जिचा दोष कोणाच्या नजरेस आलेला नाही ती, पाण्याने धुतलेली, आणि जी शुद्ध असल्याचे वाणीने सांगितले गेले ती. पहिला नियम उदार आहे. प्रत्येक वस्तूचे मूळ खणत बसले तर जगणेच थांबेल, हे स्मृतिकारांना माहीत होते. म्हणून न कळलेला दोष त्यांनी दोष धरला नाही. मात्र कोणी एकदा बोलले की हा आधार जातो. जानेवारी 1857 मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथे हेच घडले. तिथल्या कारखान्यातल्या एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितले. शिपायाने जातीचे कारण देऊन नकार दिला, तेव्हा खलाशी म्हणाला की लवकरच गाईच्या आणि डुकराच्या चरबीची काडतुसे दातांनी तोडावी लागतील, मग जात कुठे राहणार? त्या क्षणापासून अज्ञाताचे संरक्षण संपले. काडतूस धुता येत नाही, तेव्हा दुसरा मार्गही बंद. उरली वाणी.

वाणी कोणाची, याचे उत्तर न्यायदर्शनात आहे. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्याबरोबर न्यायशास्त्र शब्दालाही प्रमाण मानते. अट एवढीच की तो आप्ताचा शब्द असावा. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायन सांगतो की ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते, असेही तो स्पष्ट म्हणतो. आप्तपणा जन्मावर नव्हे, ज्ञान आणि सचोटी यांवर ठरतो. भारतीय विचारातला हा एक अतिशय मोठ्या मनाचा निर्णय आहे. त्यानुसार इंग्रज अधिकाऱ्याचा शब्दही प्रमाण ठरू शकत होता.

तो ठरला नाही, कारण पहिलीच अट पुरी होत नव्हती. दारूगोळा खात्याकडे विचारणा झाली तेव्हा आक्षेपार्ह चरबी टाळण्याची कोणतीही खास खबरदारी घेतली नसल्याचे उत्तर आले. ज्याला स्वतःलाच माहीत नाही, त्याने दिलेली ग्वाही प्रामाणिक असली तरी प्रमाण होत नाही. 1853 मध्येच कर्नल हेन्री टकर यांनी अशा वंगणाबाबत लेखी इशारा दिला होता. त्याची दखल घेतली गेली नाही.

जानेवारीअखेर सरकारने शिपायांना बाजारातून जिन्नस आणून स्वतः वंगण तयार करायची मुभा दिली. तात्त्विकदृष्ट्या हा योग्य उपाय होता: शब्दाच्या जागी प्रत्यक्ष आले, तूप-मेण डोळ्यांसमोर कढू लागले. पण कागद मात्र सरकारीच राहिला. तो नेहमीपेक्षा गुळगुळीत आणि चकाकणारा होता. बराकपूरच्या चौकशीत एका शिपायाने सांगितले की तो जाळला तेव्हा चरबी असल्यासारखा तडतडला. हे अनुमान होते, आणि ते चुकीचे निघाले. सरकारी रसायनतज्ज्ञाने कागद तपासून त्यात तेलकट पदार्थ नसल्याचे कळवले. आता जाणकाराचा शब्द होता, पण तो ऐकायला कोणी उरले नव्हते. एका बाबतीत बेफिकीर ठरलेल्याची दुसऱ्या बाबतीतली साक्ष खरी असूनही चालत नाही.

मुसलमान शिपायांपुढे हाच पेच वेगळ्या परिभाषेत उभा होता. खात्री संशयाने नाहीशी होत नाही, असे फिक्हचे, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे, एक सूत्र आहे. संशयास्पद गोष्टींपासून दूर राहावे, अशीही शिकवण आहे. दोन्हींना मान आहे. कोणती कुठे लावायची, हे परिस्थिती ठरवते.

24 एप्रिलला मेरठ येथे तिसऱ्या घोडदळाच्या 90 शिपायांपुढे जी काडतुसे ठेवली, ती जुन्याच प्रकारची, त्यांनी वर्षानुवर्षे वापरलेली होती. दाताने फाडायची सक्तीही उठली होती, हाताने फाडायचे होते. तरी 85 जणांनी ती घेतली नाहीत. घेतली तर इतर पलटणींत आपली बदनामी होईल, असे त्यांनी सांगितले. या उत्तराला काही इतिहासकार केवळ भीती म्हणतात. ते अपुरे वाटते. स्मृतीच्या तिसऱ्या नियमात शुद्धीची वाणी कोणाची तरी असावी लागते. सरकारची वाणी विश्वासाला उतरली नाही, तेव्हा ती जागा बरोबरीच्या शिपायांच्या वाणीने घेतली. वस्तू बदललेली नव्हती. तिच्याबद्दल ग्वाही देणारा बदलला होता. ही वाणी छावणीबाहेरही पोचली: वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये उत्तरेच्या वाटेवर शिपायांकडून ऐकलेली काडतुसांची हकीकत नोंदवली आहे.

9 मे रोजी त्या 85 जणांना कवायतीच्या मैदानावर सर्वांसमक्ष बेड्या ठोकण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेरठ पेटले.