प्रस्थापित कोणी केले?

एस्टॅब्लिश्ड कंपनी, एस्टॅब्लिश्ड लेखक असे आपण मराठीतही सर्रास म्हणतो. जे जुने, रुळलेले, चारचौघांनी मानलेले, ते एस्टॅब्लिश्ड. या अर्थात काळ आहे, मान्यता आहे. पण कर्ता नाही. ती गोष्ट जणू आपली आपणच स्थिरावली! इंग्लंडच्या इतिहासात मात्र या शब्दाला स्पष्ट कर्ता होता.

1534 मध्ये संसदेने कायदा करून आठव्या हेन्रीला इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च प्रमुखपद दिले. 1689 मध्ये राज्याभिषेकाच्या शपथेत 'कायद्याने प्रस्थापित' प्रोटेस्टंट धर्म राखण्याचे वचन आले. 2023 मध्ये तिसऱ्या चार्ल्सनेही ते दिले. इथे 'एस्टॅब्लिश्ड' म्हणजे कायद्याने बसवलेले.

या बसवण्याची झळ आयर्लंडला लागली. तिथली बहुसंख्य जनता कॅथलिक, प्रस्थापित चर्च मात्र अँग्लिकन. 1861 च्या जनगणनेत त्याचे अनुयायी जेमतेम एक अष्टमांश भरले. तरीही ज्या पाद्र्याच्या प्रार्थनेला कॅथलिक शेतकरी कधी गेला नाही, त्याच्या पोटापाण्यासाठी त्याला 'टाइद' हा धर्मकर भरावा लागे. 1830 च्या दशकात शेतकऱ्यांनी तो नाकारला. गुरे जप्त झाली, रक्त सांडले. 1838 मध्ये हा बोजा जमीनदारांवर टाकला गेला, पण खंडाच्या वाटेने तो पुन्हा कुळाच्याच माथी येई. अखेर ग्लॅडस्टन यांच्या सरकारने 1869 मध्ये कायदा केला आणि 1 जानेवारी 1871 पासून त्या चर्चचे प्रस्थापितपण संपले. कायद्याने बसवलेले कायद्यानेच उठवता आले, कारण बसवणारा कोण हे ठाऊक होते.

1955 मध्ये पत्रकार हेन्री फेअरली यांनी 'द एस्टॅब्लिशमेंट' हे शब्द वेगळ्या अर्थाने रूढ केले. सत्ता केवळ पदांवरून चालत नाही, ओळखीपाळखी आणि सामाजिक संबंधांच्या जाळ्यातून चालते, हे त्यांना सांगायचे होते. या जाळ्याला कायद्याचे कलम नव्हते. म्हणून ते रद्द करणेही सोपे नव्हते. साठोत्तरी मराठी अनियतकालिकांनी 'प्रस्थापित' साहित्याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा त्यांच्यापुढेही असेच जाळे होते. 1972 मध्ये दलित पँथर उभी राहिली ती तर शतकानुशतके रूढीच्या नावाखाली चाललेल्या अन्यायाविरुद्ध.

विज्ञानातही 'प्रस्थापित' सिद्धान्त असतात, पण त्यांचा आधार वय नसून पुरावा असतो, आणि तो कुणालाही तपासता येतो. समाजातल्या रुळलेल्या गोष्टींनाही हीच कसोटी लावायला हवी. ही गोष्ट कोणी बसवली? कोणाच्या संमतीने? तिची किंमत कोण मोजतो? या प्रश्नांना जी परंपरा सरळ उत्तर देते ती आदराला पात्र आहे. जी नुसते आपले वय सांगते ती नाही. मान्यता वारसाहक्काने मिळत नाही. प्रत्येक पिढीकडून ती नव्याने मिळवावी लागते.