तांडेलाचा शब्द

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा किनारी रस्ता आरे-वारेच्या चढणीला लागला की खालची पुळण आणि तिच्यापुढचा समुद्र एका नजरेत येतो. पाऊस सुरू झाल्यावर या पाण्यात गावातला माणूस उतरत नाही. तरीही पावसाळ्यात बाहेरून आलेले पर्यटक इथे बुडाल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा वाचाव्या लागतात. गावकरी हटकतात, पण रजा काढून, गाडी करून, रात्रभर प्रवास करून आलेल्याला ‘आज नको’ हे शब्द पचत नाहीत. याच किनाऱ्यावर मासेमारीला जाणाऱ्या नौकेची रीत वेगळी आहे. नौका एकदा बाहेर पडली की तांडेलाचा, म्हणजे तिच्या म्होरक्याचा, शब्द अखेरचा. वारा बघून त्याने ‘फिरवा’ म्हटले की नौका फिरते. डिझेल, बर्फ आणि खलाशांच्या मजुरीवर झालेला खर्च तेव्हा कोणी काढत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला आज सरकारी बंदी असते, पण सरकारच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची रीत कोळीवाड्यांनी स्वतःहून पाळली आहे. समुद्राचा नकार ज्या मुलखाला इतका नेमका कळतो, त्या मुलखातली मुलेही आता पैसे भरून हिमालयातल्या उंच शिखरांवर जाऊ लागली आहेत. तिथे त्यांचा तांडेल कोण, हा या लेखाचा प्रश्न आहे.

पैसे भरून जाणे यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. मनालीजवळचे ५,२८९ मीटरचे फ्रेंडशिप शिखर असो, लडाखमधले सहा हजार मीटरच्या वरचे कांग यात्से-२ असो किंवा थेट एव्हरेस्ट, व्यावसायिक मोहिमेचा सांगाडा एकच असतो. परवाने, तंबू, स्वयंपाक, दोर लावणे, ओझी वाहणे, गाईड या सगळ्याची एक किंमत ठरते आणि ती भरणारा गिऱ्हाईक होतो. एव्हरेस्टच्या नेपाळ बाजूच्या नुसत्या परवान्याचे शुल्क ११,००० डॉलर होते, सप्टेंबर २०२५ पासून ते १५,००० डॉलर झाले. इतकी रक्कम मोजणारा साहजिकच विचारतो, मला काय मिळणार? कंपन्यांची माहितीपत्रके उत्तर देतात: शिखर. माझ्या मते हे उत्तर मुळातच चुकीचे आहे. शिखर विकण्याचा अधिकार कोणाकडेच नाही. अशा मोहिमेत विकत घेण्याजोगी एकच मौल्यवान गोष्ट असते, ती म्हणजे दुसऱ्या माणसाची पारख. आणि ‘इथून मागे फिर’ असे तुम्हाला सांगण्याचा त्याचा अधिकार त्या पारखीतच येतो. जी व्यवस्था हा अधिकार पैशाच्या, प्रसिद्धीच्या किंवा भिडेच्या जोरावर दुबळा करते, ती गिऱ्हाइकाला त्याने घेतलेली वस्तूच देत नाही.

हा अधिकार दुसऱ्याच्या हाती का द्यायचा, याचे उत्तर शरीरात आहे. पर्वतांची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात. आरे-वारेचा माणूस त्या मोजपट्टीच्या शून्यावर जन्मतो. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब त्याच्या घरच्या दाबाच्या निम्मा होतो आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर जेमतेम एक तृतीयांश उरतो. सह्याद्रीने आपल्याला पुष्कळ शिकवले: कातळ, दोर, उघड्या कड्यावरची स्थिरता, उन्हातान्हात दिवसभर चालण्याचा दम. पण सह्याद्रीचा सर्वांत उंच माथा, कळसूबाई, १,६४६ मीटरवर संपतो. विरळ हवा आणि हिमनदी यांची तालीम इथे कुठल्याच कड्यावर होत नाही. त्यासाठी वेळच द्यावा लागतो. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असे उंचीवरच्या वैद्यकाचे साधे सूत्र आहे. सहा हजार मीटरचे शिखर आठवड्याच्या रजेत बसवायला गेले की पहिली कात्री या सूत्रालाच लागते. त्याहून वाईट असे की प्राणवायू कमी पडला की पायांच्या बरोबरीने विवेकही ढासळतो, आणि तो ढासळला आहे हे त्या माणसाला कळत नाही. एव्हरेस्टवरच्या १९२१ ते २००६ या काळातल्या मृत्यूंचा एक अभ्यास २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. आठ हजार मीटरच्या वर गेलेल्या बळींमध्ये शिखरावरून उतरणारे सर्वाधिक होते, आणि गोंधळलेपणा, तोल जाणे, मागे पडत जाणे ही लक्षणे त्यांच्यात वारंवार दिसली होती. म्हणजे चढण्याची ताकद होती, पण परतीची ताकद राखून ठेवायला हवी हे भान सुटले होते. ते भान राखणे हेच गाईडचे खरे काम.

आता गाईडवरच शिखराचे ओझे पडले तर काय होते, याचा सर्वांत क्लेशकारक दाखला मे १९९६ चा आहे. न्यूझीलंडचा रॉब हॉल हा त्या काळातला अत्यंत सावध, शिस्तीचा म्होरक्या मानला जाई. १९९५ मध्ये डग हॅन्सन या आपल्या अमेरिकन गिऱ्हाइकाला त्याने एव्हरेस्टच्या माथ्याखाली दक्षिण शिखरापासून परत फिरवले होते. तो निर्णय योग्य होता. हॅन्सन जिवंत घरी गेला. हॉलने त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावले. १० मे १९९६ रोजी परत फिरण्याची वेळ दुपारी फार तर दोनची मानली गेली होती. हॅन्सन माथ्यावर पोचला तेव्हा चार वाजून गेले होते, आणि हॉल तिथे त्याची वाट बघत थांबला होता. दोघेही परतले नाहीत. त्या वादळात डोंगराच्या दोन्ही बाजू मिळून आठ जण गेले. त्यांत प्रतिस्पर्धी कंपनीचा म्होरक्या स्कॉट फिशरही होता. हॉलच्या मनात त्या दोन तासांत काय चालले होते, हे सांगण्याचा आव कोणी आणू नये. पण बाहेरची परिस्थिती स्पष्ट दिसते. दुसऱ्यांदा आलेला माणूस, शेजारी स्पर्धक कंपनी, गिऱ्हाइकांमध्ये मोहिमेवर लेख लिहायला आलेला पत्रकार. वर्षभरापूर्वी ‘फिर’ म्हणू शकलेला तोच माणूस या वेळी म्हणू शकला नाही. ज्ञान तेच होते, अनुभव उलट वाढला होता. बदलली होती ती आजूबाजूची ओढ.

ही ओढ परदेशी कंपन्यांपुरती आहे असे समजून आपण मोकळे होऊ शकत नाही. महाराष्ट्राच्या नागरी गिर्यारोहणाचा इतिहास अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. १८ मे १९९८ रोजी हृषिकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ मध्ये आठ जणांना एव्हरेस्टवर आणि १५ मे २०१९ रोजी दहा जणांना कांचनजुंगावर नेले. या यशामागे वर्षानुवर्षांचा सराव, एकमेकांची सवय आणि नेत्याचा शब्द मानण्याची शिस्त होती. नौकेवरचा तांडेलही असाच घडतो, आदल्या महिन्यात नेमून नाही. पण २०१९ च्या त्याच मोसमात कांचनजुंगावर पश्चिम बंगालचे दोन गिर्यारोहक दगावले; एव्हरेस्टच्या माथ्याखाली लागलेल्या रांगेचे छायाचित्र जगभर गेले आणि त्या मोसमात एव्हरेस्टवर अकरा जण गेले. शिखर गाठून उतरताना गेलेल्यांत ठाण्याच्या एक गिर्यारोहक होत्या आणि पुण्याचा सत्तावीस वर्षांचा एक तरुणही होता. त्याआधी २०१६ मध्ये पुणे पोलीस दलातल्या एका दाम्पत्याने एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला, नेपाळ सरकारने त्यांची छायाचित्रे बनावट ठरवली आणि दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली. त्या दोघांना नावे ठेवून विषय मिटवला गेला. मला तो आपल्या सगळ्यांचा दोष वाटतो. माथ्यावरच्या छायाचित्राला मिरवणूक, फलक, सत्कार, बक्षीस, बढती. आणि माथ्यापासून शंभर मीटरवरून शहाणपणाने फिरलेल्याला ‘थोडक्यात हुकलं’ एवढी कीव. देणगीदाराचा झेंडा शिखरावर फडकला तरच देणगी सार्थकी लागली असे मानणारा समाज त्या नेत्याच्या खांद्यावर आणखी एक ओझे देतो. लोकवर्गणीतून जाणारी क्लबची मोहीमही या दडपणातून सुटत नाही. किंबहुना गावाने पैसे गोळा केलेले असतील तर परत फिरणे अधिकच कठीण होते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मला हलका वाटत नाही. प्रौढ माणसाने स्वतःच्या पैशाने स्वतःचा जीव धोक्यात घातला तर इतरांनी का बोलावे? धोका पत्करण्याचे स्वातंत्र्य काढून घेतले तर गिर्यारोहणच उरणार नाही. एकट्याने, स्वतःचे ओझे उचलून, स्वतःचा दोर लावून जाणाऱ्याच्या बाबतीत हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण व्यावसायिक मोहिमेत माणूस एकटा नसतो. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळला आणि वाट तयार करायला, ओझी पोचवायला निघालेले सोळा नेपाळी कामगार दगावले. गिऱ्हाइकांना त्या प्रपातातून जेमतेम काही फेऱ्या माराव्या लागतात. शेर्पांना त्याच्या कितीतरी पट. शिवाय माथा गाठला तर शेर्पाला वेगळा बोनस देण्याची पद्धत आहे. थकलेल्या गिऱ्हाइकाला खाली आणणाऱ्यापेक्षा वर नेणाऱ्याला जास्त मिळणार असेल, तर आपण त्याच्याकडून कोणता सल्ला अपेक्षितो? रत्नागिरीकराला तर नेपाळी माणूस परका नाही. हापूसच्या बागा राखायला तो येतो, मिरकरवाड्याच्या नौकांवर खलाशी म्हणून राबतो. त्याने समुद्रात जीव घालावा म्हणून त्याला ज्यादा पैसे कबूल करणारा मालक इथे कोणाला आवडणार नाही. तोच व्यवहार आठ हजार मीटरवर झाला की त्याला पराक्रम म्हणायचे, हे पटत नाही.

दुसरे म्हणणे असे की उपाय प्रशिक्षणात आहे. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची संस्था इथला महिन्याभराचा बेसिक कोर्स केल्याशिवाय कोणालाच सोडू नये. कोर्स हवाच, माझाही आग्रह आहे. पण ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर नेहरू संस्थेच्याच प्रशिक्षणार्थी तुकडीवर हिमस्खलन कोसळले आणि एकोणतीस जण गेले. तिथे शिक्षक होते, शिस्त होती, अनुभव होता. ज्ञानाने धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून तर परत फिरण्याची मोकळीक प्रत्येक पायरीवर शाबूत राहायला हवी. तिसरे म्हणणे कंपनीचालकांचे: आम्ही सारखे मागे फिरवू लागलो तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाईल. हे खरे आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न एकेका कंपनीच्या सचोटीवर सोडून चालणार नाही. लडाखमधले ६,१५३ मीटरचे स्टोक कांगरी हे फार लोकप्रिय शिखर. गर्दीने आपल्या पाण्याचा स्रोत बिघडतो, हिमनदी झिजते, अशी तक्रार खालच्या गावाने लावून धरली आणि २०२० पासून ते चढाईसाठी बंद झाले. धंदा बुडेल ही भीती तिथेही होती. सगळ्यांनी मिळून नकार दिला की तो पाळला जातो. आपल्याकडच्या पावसाळी मासेमारीबंदीचेही तेच आहे. एकट्याच मालकाने नौका किनाऱ्याला ओढली असती तर तो खरोखर बुडाला असता.

महाराष्ट्र सरकारने साहसी उपक्रमांसाठी २०१८ मध्ये शासन निर्णय काढला आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. नोंदणी, प्रशिक्षित माणसे, सुरक्षेची साधने यांकडे त्यामुळे लक्ष वळले, ही चांगली सुरुवात आहे. पण नोंदणीच्या कागदावर दोराची जाडी आणि शिरस्त्राण मोजता येते. नेत्याला नकाराची मुभा आहे की नाही, हे करारात लिहून घ्यावे लागते. शेर्पाचा बोनस शिखराला न जोडता सर्वांच्या सुखरूप परतीला जोडावा. परतीची वेळ निघण्याआधी लेखी ठरावी आणि ती मोडण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला नसावा. पुरस्कार देणाऱ्या संस्थांनी आणि सरकारने एखाद्या वर्षी तरी, माथा जवळ असताना तुकडी मागे वळवणाऱ्या नेत्याला व्यासपीठावर बोलवावे.

आणि वाचकहो, यंदा तुमच्या घरातले कोणी हिमालयात पैसे भरून निघाले असेल, तर आगाऊ रक्कम देण्याआधी त्या कंपनीला एवढे विचारा: गेल्या मोसमात तुम्ही किती जणांना माथ्याखालून परत आणले, तो निर्णय कोणी घेतला, आणि त्या दिवशी त्याच्या पगारातून काही कापले गेले का? उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर पैसे देऊ नका.