अर्जातला ‘मी’

माझी भाची पुण्यात एका संगणक कंपनीत नोकरी करते. गाव चिपळूण. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी ती दोन कागद घेऊन माझ्याकडे आली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये आणि आपल्या हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमध्ये तिला अर्ज करायचा होता. ‘मामू, तुम्ही आयुष्यभर मुलांचे निबंध तपासलेत. हा एक तपासून द्या.’

आपल्याकडच्या आयआयएममध्ये जायचे तर कॅटची परीक्षा असते. तिथे गुण बोलतात. पुढे मुलाखत असते, थोडेफार लिहून घेतात, पण चाळणी आकड्यांची. स्टॅनफर्डचे तसे नाही. परीक्षेचे गुण लागतातच, पण चांगले गुण असलेली मुले जागांच्या कितीतरी पट असतात. शंभरातल्या सहा-सात जणांना प्रवेश मिळतो. मग माणसामाणसांतला फरक कळावा म्हणून निबंध मागतात. तिथला प्रश्न वर्षानुवर्षे एकच आहे : तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काय, आणि का? व्यापार शिकवणाऱ्या शाळेने विचारलेला हा प्रश्न कुठल्याही मदरशाच्या दारावर शोभावा. साडेसहाशे शब्दांच्या आसपास त्याचे उत्तर द्यायचे. हार्वर्डने 2024 मध्ये आपला मोठा, मोकळा प्रश्न काढून तीन छोटे प्रश्न दिले. त्यांतही शेवटी माणूस कसा निर्णय घेतो, हेच शोधणे आहे.

मी कागद वाचले आणि गप्प बसलो. निबंधात एक मुस्लिम मुलगी होती. तिच्या वडिलांचा तिच्या शिक्षणाला विरोध होता. मोहल्ल्याच्या बंधनांशी झुंजत ती बाहेर पडली. मग 2021 च्या महापुरात तिने एकटीने शेकडो माणसांच्या मदतीचे नेतृत्व केले. वाक्ये गुळगुळीत होती, इंग्रजी निर्दोष होते. पण ही मुलगी माझ्या ओळखीची नव्हती.

‘हे कोणी लिहिलं?’

‘लिहिलं मीच. पण सल्लागारांनी वळण दिलं.’

असे निबंध घडवून देणारे सल्लागार आता शहरोशहरी आहेत. त्यांची फी जाडजूड असते. त्यांतल्या एकाने तिला सांगितले होते, ‘तुमची गोष्ट तुमच्या नावातच आहे. ती वापरा.’

आता खरे काय ते सांगतो. तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या मेहुण्यांचा, विरोध होता तो व्याजाच्या कर्जाला. ‘आंब्याची बाग विकतो, पण सूद भरणार नाही,’ असे ते म्हणाले होते. याच माणसाने दहावीच्या वर्षी तिला पहाटे चारला उठवून, स्वतः चहा करून, अभ्यासाला बसवले होते. व्याजाबद्दल त्यांचे म्हणणे बरोबर की चूक, हा वेगळा वाद. त्यात मी आज शिरत नाही. पण ‘कर्जाला विरोध’ यातला एक शब्द बदलला की ‘शिक्षणाला विरोध’ होतो. खोटे असेच तयार होते. ते सगळे रचावे लागत नाही, खऱ्यातला एक शब्द बदलला तरी पुरते.

मी तिला तसे म्हणालो, तर माझ्याच घरातून आवाज आला. माझी पत्नी म्हणाली, ‘सगळेच वाढवून लिहितात. आपल्याच मुलीने का मागे राहायचं?’ हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात आयआयएममधल्या मुस्लिम विद्यार्थ्यांचे प्रमाण 1.3 टक्के होते. लोकसंख्येत आपण 2001 च्या जनगणनेनुसार 13.4 टक्के होतो. ज्या समाजाची मुले अशा दारांपर्यंतच कमी पोचतात, तिथल्या एका मुलीने दार उघडण्यासाठी थोडा जोर लावला तर काय बिघडले? अर्जाच्या खिडकीशी उभा राहून नीतीच्या गोष्टी सांगणे सोपे असते. विशेषतः ज्याला पेन्शन चालू आहे त्याला.

आणि मी तरी कोण मोठा? कॉलेजच्या पहिल्या वर्षी समाजाच्या एका ट्रस्टकडे मी शिष्यवृत्तीचा अर्ज केला होता. वडिलांचे उत्पन्न निम्मे लिहिले आणि ते कायमचे आजारी असल्याचेही लिहिले. त्यांना दम्याचा त्रास होता, एवढेच. पैसे मिळाले. पदवी मिळाली. पुढे तीस वर्षे मुलांना ‘प्रामाणिकपणा’ या विषयावर निबंध लिहायला दिले. पण त्या वर्षी त्या ट्रस्टच्या दारातून कोणाला तरी परत पाठवले असेल, ही गोष्ट अजून मनातून जात नाही. तो कोण होता, मला माहीत नाही. माहीत असता तर माफी तरी मागता आली असती.

म्हणून पत्नीला मी एवढेच म्हणालो : हिच्या निबंधातला जुलमी बाप तिकडे वाचणाऱ्याच्या मनात राहील. पुढच्या वर्षी एखादी दुसरी मुलगी, मालेगावची किंवा मिरजेची, अर्ज करील. तिच्या बापाने तिला आनंदाने शिकवले असेल. पण वाचणारा तिच्याही निबंधात बेड्या शोधील. सापडल्या नाहीत तर तिची गोष्ट त्याला फिकी वाटेल. म्हणजे ही आपली जागा समाजाच्या नावावर घेणार आणि बिल त्या मुलीला देणार.

भाचीची अडचण मात्र वेगळीच होती. ती म्हणाली, ‘मामू, खरं लिहायचं तर लिहायला काहीच नाही. पुरात मी एकटीने काही केलं नाही. आम्ही केलं. आणि ‘मी केलं, मी केलं’ असं लिहिताना मला लाज वाटते.’

ही लाज मला ओळखीची आहे. आपल्याला लहानपणापासून शिकवतात की नेकी दाखवायची नसते, दाखवली की ती रिया होते. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू देऊ नये. आणि हा अर्ज तर म्हणतो की उजव्या हाताने काय दिले ते साडेसहाशे शब्दांत लिहा! मग आपली मुले दोन टोकांना जातात. काही जण सगळीकडे ‘आम्ही’ लिहितात, आणि वाचणाऱ्याला हा माणूस त्यात कुठे होता तेच कळत नाही. बाकीचे सगळ्यांचे श्रेय एकट्याच्या खिशात घालतात.

मला इमाम गजाली आठवले. 1095 मध्ये बगदादच्या निजामियातली सर्वांत मानाची जागा त्यांनी सोडली. पुढे आपल्या आत्मकथनात त्यांनी लिहिले आहे की, त्यांच्या अध्यापनामागची नियत निखळ नव्हती, तिच्यात नाव आणि मानमरातबाची ओढ होती. शिकवायला बसले की जीभ उचलत नव्हती, हेही त्यांनी सांगितले आहे. रियावर इतके बारकाईने लिहिणाऱ्या माणसाने स्वतःवर पुस्तक लिहिले, आणि त्यात ‘मी’ टाळला नाही. तो ‘मी’ आपल्या कृत्याची जबाबदारी घ्यायला पुढे आला होता.

मी भाचीला म्हणालो, ‘श्रेयाचा मी सोडून दे. जबाबदारीचा मी लिही. त्या दिवसांत अशी कुठली गोष्ट होती, जी तुझ्या हातात होती आणि जी चुकली असती तर दोष तुझा होता?’

बराच वेळ ती बोलली नाही. मग वहीचे सांगू लागली.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारात शिरले तेव्हा ती घरीच होती. करोनामुळे काम घरून चाले. वीज गेली, फोन बंद पडले, लॅपटॉप निव्वळ डबा झाला. पाणी उतरल्यावर जमातीच्या पोरांनी देगा चढवल्या. चिखल उपसायला तिचा भाऊ आणि त्याचे मित्र होते. तिच्या हातात कोणीतरी एक शंभर पानी वही दिली : कोणाला काय पोचले, लिहीत जा. तिने जमातीच्या वर्गणीच्या पुस्तकावरून घरांची यादी उतरवली, कारण तेवढीच यादी कोरडी राहिली होती. दोन दिवस शिधा त्या यादीप्रमाणे गेला. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी दारात आली. तिच्याकडे इन्शुलिन नव्हते आणि अन्नही पोचले नव्हते. ती भाडेकरू होती, वर्गणीच्या पुस्तकात तिचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. मग भाचीच्या लक्षात आले की गल्लीतले सगळे भाडेकरू, बिहारचे बेकरी कामगार आणि मागच्या आळीतली चार हिंदू घरे वहीत नाहीतच. काही घरांत मात्र शिधा दोनदा गेला होता. तिने वही फाडली आणि चिखलातून दारोदार फिरून नवी केली.

‘पण हे तर माझ्या चुकीचं झालं,’ ती म्हणाली.

‘हेच लिही.’

व्यवस्थापन म्हणजे काय, हे त्या वहीत आहे असे मला वाटते. कोण यादीत नाही, हे यादी कधीच सांगत नाही. मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारेही इथेच अडखळतात.

तिने पंधरा दिवसांत सहा खर्डे केले. पहिला फार रडका होता. दुसऱ्यात उपदेश होता. तो दोष बहुधा माझ्याकडून आला असावा. तिसऱ्यापासून म्हातारी दिसू लागली. कोणीतरी तिला सुचवले की आता हे सगळे यंत्रावर टाकून भाषा घोटून घे. तिने एकदा घोटून पाहिले. म्हातारी पुन्हा दिसेनाशी झाली, म्हणून तो खर्डा टाकून दिला. बाकी, काही विद्यापीठे प्रवेश दिल्यावर अर्जातली माहिती पडताळून घेतात, हेही तिला कळले होते. पण तोवर त्या भीतीची गरज उरली नव्हती.

वडिलांचा एकच परिच्छेद राहिला. पहाटेचा चहा आणि बागेवरून झालेला वाद, दोन्ही त्यात आले. बापाशी आपले मत जुळत नाही, हेही तिने लपवले नाही. मी म्हणालो, हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवल्याशिवाय पाठवू नकोस. माणूस जिवंत असताना त्याची गोष्ट त्याच्या पाठीमागे का विकायची?

तिने फोनवर सगळा निबंध मराठीत करून त्यांना ऐकवला. मी शेजारीच बसलो होतो. चहाचे ऐकून ते काही बोलले नाहीत. बागेचे ऐकूनही नाही. पुराचा भाग संपल्यावर त्यांनी खाकरून विचारले, ‘पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं म्हणून लिहिलंस?’

‘सहाव्या, अब्बा.’

‘सातव्या. सहावीवर मी उभा होतो, माझे पाय भिजले होते.’

तिने सहा खोडून सात केले.