खरेदीखतात न लिहिलेली माणसे

जमिनीच्या जुन्या मराठी दस्तऐवजांत एक ठरावीक शब्दावली आढळते: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह जमीन दिली. विहिरीच्या पाण्यापासून भूमीत पुरलेल्या द्रव्यापर्यंत सारे काही त्यात येते. येत नाही तो ती जमीन कसणारा माणूस. वगळला म्हणून तो मोकळा राहिला, असे मात्र नव्हे. तो इतका गृहीत धरलेला असे, की त्याचा वेगळा उल्लेख करण्याची कोणास गरज भासत नसे. दोन मालकांनी आपसांत सचोटीने, योग्य मोबदल्यात व्यवहार केला, तर तेवढ्याने तो न्याय्य ठरतो काय?

आपल्याच भूमीचा इतिहास पाहू. १५३४ च्या वसई तहाने वसई, साष्टी व मुंबईचा प्रदेश पोर्तुगिजांच्या हाती गेला. गावेच्या गावे वार्षिक खंडाच्या बोलीवर सरदारांना, अधिकाऱ्यांना आणि, हेही सांगितले पाहिजे, धर्मसंघांनाही देण्यात आली. मुंबई बेट काही काळ प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्याकडे होते. पुढे १६६१ च्या विवाह-तहाने हे बेट पोर्तुगालकडून इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाकडे गेले. १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला १० पौंडांच्या बोलीवर ईस्ट इंडिया कंपनीस दिले. भातशेती करणाऱ्यांना कोणी विचारले नाही.

त्या विवाह-तहात बेटावरील रहिवाशांस कॅथलिक धर्म मोकळेपणाने आचरता येईल, असे कलम होते. आपण त्याचा अभिमानाने उल्लेख करतो, आणि तो योग्यच आहे. परंतु १६६५ साली ताबा देताना पोर्तुगीज व्हाइसरॉयने इंग्रज अधिकारी हंफ्रे कुक याच्याकडून आणखी काही अटी मान्य करून घेतल्या. त्यांपैकी एक अशी, की पोर्तुगीज हद्दीतील गावांचे कुळंबी, भंडारी आदी लोक मुंबईत आश्रयास आले, तर त्यांना ठेवून न घेता तत्काळ त्यांच्या धन्यांच्या स्वाधीन करावे. कुळंबी, भंडारी ही नावे आपल्या कानांना परकी नाहीत. कुकने केलेला करार इंग्लंडच्या राजाने पुढे मानला नाही, ही गोष्ट निराळी. अट घालणारे ख्रिस्ती, मान्य करणारेही ख्रिस्ती. कोणासही ती अयोग्य वाटल्याचे दिसत नाही. १६७२ मध्ये गव्हर्नर ऑन्जिए आणि बेटावरील जमीनदार यांच्यात मालकीहक्कांचा तंटा वर्षाला २०,००० शेराफिन देण्याच्या बोलीवर मिटला. ही रक्कम पिकवायची कोणी, हे लिहिण्याचे कारण नव्हते.

पवित्र शास्त्रातील नाबोथाने अहाब राजाला आपला द्राक्षमळा देण्यास नकार दिला आणि त्यापायी प्राण गमावला. त्याची थोरवी आपण जाणतो. पण नकार देण्यासाठीही मालक असावे लागते. कुळंब्याला नाबोथ होण्याची सोय नव्हती. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात खाजगी मालकीचा हक्क उचलून धरला, त्याचबरोबर श्रमिकाच्या गरजेचा फायदा घेऊन केलेला करार, त्याने संमती दिली तरी, न्याय्य ठरत नाही, असेही बजावले. मग ज्याची संमतीच घेतली नाही, त्याच्याविषयी काय म्हणावे?

१९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला कागदावर आणले. आपल्यापैकी अनेक घराण्यांच्या सातबाऱ्यावर नाव चढले ते त्यामुळेच. काल जी कुळे होती, ती आज मालक आहेत, आणि गेल्या काही दशकांत वसईत वाड्या विकणारेही आपणच आहोत. भाव ठरतो, टोकन घेतले जाते, बहिणींच्या सह्या होतात, कधी होतही नाहीत. वाडीच्या कडेला, विहिरीजवळ, एक झोपडी असते. तीत राहणाऱ्या आदिवासी कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्यांनी आपली केळी शिंपली, माडांची आळी केली. ‘जागा रिकामी करून देऊ’ असे आपण विकासकाला सांगतो, तेव्हा त्या ‘रिकामी’ शब्दात ते कुटुंब येते. विहीर, झाडे, कुंपण यांची नोंद मात्र खतात असते.