दलालाच्या तोंडून कोण बोलतं?



आजचं चिंतन गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या पंधराव्या श्लोकावर. भगवंत इथे वाणीचं तप सांगतात. बोलणं टोचणारं नसावं, खरं असावं, गोड असावं आणि ऐकणाऱ्याच्या भल्याचं असावं. हा श्लोक मी कितीदा तरी वाचलाय. पण माझ्या वतीने दुसराच कोणी बोलत असेल तर? हा प्रश्न घर विकायला काढलं तेव्हा पडला.

धुळ्यात देवपूरला आमचं घर आहे. बाबा गेले, आई आता माझ्याकडे पुण्यात असते, म्हणून विकायचं ठरलं. घर चांगलंय. एकच अडचण. मार्च संपला की बोअर आटते आणि पाऊस पडेपर्यंत टँकर मागवावा लागतो. धुळ्यात घर बघायला येणारा माणूस आधी पाण्याचंच विचारतो, हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या एजंटने सांगितलेला भाव ऐकून मी खूश झालो. बोअरचं सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "दिवाळीच्या आत पार्टी आणतो, तेव्हा पाणी असतंच. तुम्ही काही बोलू नका भाऊ, मी देखी लेसू."

दुसरे एक वयस्कर काका. त्यांनी आधी प्रॉपर्टी कार्ड आणि घरपट्टीची पावती मागितली. मग विचारलं, "घरात दोष काय, ते सांगा." बोअरचं ऐकल्यावर म्हणाले, "हे पार्टीला सांगावं लागेल. दोन लाख कमी धरा."

खरं सांगतो, मन पहिल्याकडेच ओढत होतं. त्याने कारणही शोधून ठेवलं होतं: खोटं मी थोडंच बोलतोय? तो बोलेल, त्याचं पाप त्याला.

मग हिशेब मांडला. दलाली दोन टक्के. म्हणजे त्या जास्तीच्या दोन लाखांतले 4,000 त्याचे आणि 1,96,000 माझे. आता सांगा, खोटं कोणाचं?

कायदाही हेच म्हणतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 238 व्या कलमानुसार, एजंटने मालकाचं काम करताना केलेली फसवणूक मालकानेच केल्यासारखी धरली जाते. आणि घेणाऱ्याला सहज दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर त्याने तो सांगितलाच पाहिजे, असं 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 55 वं कलम सांगतं. दिवाळीत भरलेली बोअर एप्रिलमध्ये आटते, हे बघायला आलेल्याला कसं दिसणार?

महाभारतात धर्मराजाने सत्यातला एक शब्द फक्त हळू उच्चारला, तर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. मी तर तो शब्द गिळायलाच निघालो होतो.

आईला विचारलं. पैसा शेवटी तिच्या म्हातारपणाचा. ती एवढंच म्हणाली, "पुढच्या एप्रिलमध्ये त्या घरातली बाई रिकाम्या टाकीपाशी उभी राहील ना, तेव्हा आपल्या नावाने बोटं मोडेल."

काम काकांना दिलं. त्यांच्यामुळे एक गोष्ट कळली. एजंट निवडताना तो किती भाव सांगतो, हे आपण आधी बघतो. त्याऐवजी तो आपल्याला न आवडणारं खरं सांगतो का, ते बघावं. जो माझ्यासाठी समोरच्याशी खोटं बोलेल, तो उद्या इसार घेताना माझ्याशीही बोलेल. काका बोअरचं सांगतात तेव्हा टँकर किती दिवस लागतो, केवढ्याला पडतो, हेही सांगतात. खरं, आणि ऐकणाऱ्याच्या भल्याचं. श्लोकात आहे तसंच.

घर अजून विकलेलं नाही. एक पार्टी बोअरचं ऐकून परत गेली. त्या रात्री दोन लाख आठवले, नाही असं नाही. पण आईला झोप लागली, आणि मलाही.

आजचा संकल्प: आपल्या वतीने कोणी बोलत असेल, तर त्याला आधी सांगून ठेवायचं, माझ्यासाठी खोटं बोलू नका.

राम कृष्ण हरी!